नाव न घेता

माझ्या आजीने आजोबांचं नाव कधी घेतलं नाही. रेशनिंग ऑफिसातला कारकून मान वर न करता "यजमानांचं नाव?" विचारायचा, तेव्हा ती माझ्याकडे बघायची आणि मी, वय वर्षं आठ, खणखणीत आवाजात आजोबांचं पूर्ण नाव आडनावासकट सांगायचो. तिच्या बोलण्यात आजोबा म्हणजे 'इकडून', 'ह्याचे आजोबा', नाहीतर नुसतंच 'ते'. हळदीकुंकवाला बायका अडवूनच बसल्या तर एखादा उखाणा, तोही भरभर उरकलेला. पण पन्नासेक वर्षांच्या संसारात 'ते' म्हणजे कोण, असा प्रश्न ना दूधवाल्याला पडला, ना पोस्टमनला.

ती मला परवा आठवली एका करारनाम्याच्या पहिल्याच परिच्छेदात. निवृत्तीनंतर मला जुने आंतरराष्ट्रीय करार वाचायचा नाद लागला आहे. (घरचे ह्याला नाद म्हणत नाहीत, वेगळा शब्द वापरतात.) हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे जायच्या आधीच्या वर्षांत तिथल्या सरकारने परदेशांशी स्वतःच्या नावाने बरेच करार केले. गुंतवणुकीच्या संरक्षणाचे, फरारी आरोपींना ताब्यात देण्याचे. त्यातल्या कितीतरींची सुरुवात एकाच धाटणीची आहे. हाँगकाँगचं सरकार हा करार करत आहे ते, त्याच्या परराष्ट्र व्यवहारांची जबाबदारी ज्या सार्वभौम सरकारवर आहे, त्या सरकारने रीतसर अधिकार दिल्यावरून.

कुठलं सार्वभौम सरकार? नाव नाही. 'ते'.

३० जून १९९७ च्या रात्री बारापर्यंत 'ते' म्हणजे लंडन. बाराच्या ठोक्यानंतर 'ते' म्हणजे बीजिंग. वाक्यातला एक कानामात्राही बदलायला नको. ज्याने कुणी ते वाक्य बसवलं त्याच्या घरात माझ्या आजीसारखी कुणीतरी असणार, असं मला उगाच वाटून गेलं.

ह्या करारांकडे मी वळलो तो मात्र विमानांच्या वाटेने. त्याचं कारण माझी नोकरी. मी मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं लिहायचो. लिहायचो म्हणजे खरंच हाताने लिहायचो. मागे लाल कार्बन असलेली कुपनं, बॉलपेन दाबून लिहायचं, खालच्या प्रतीपर्यंत उमटलं पाहिजे. खाडाखोड झाली की तिकीट रद्द. आमचं बहुतेक गिऱ्हाईक हिरेबाजारातलं. पंचरत्न बिल्डिंग हाकेच्या अंतरावर. सुरतेला घासलेला माल मुंबईत यायचा आणि त्यातला बराचसा हाँगकाँगला जायचा; त्याच्याबरोबर किंवा त्याच्यामागून सेठलोकही जायचे. त्यामुळे आमच्या टेबलावर हाँगकाँग हे गाव नाशिकपेक्षा जास्त वेळा लिहिलं जाई.

१९९६ च्या दिवाळीपासून सगळे एकच विचारू लागले. "भाऊ, जुलैनंतर काय? चीनचा व्हिसा काढायचा का? विमान जाणार ना?" मी तोंडभरून "जाणार, सेठ" म्हणायचो. कशाच्या जोरावर म्हणायचो, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वेळापत्रकाच्या जाडजूड पुस्तकात विमानं होती, म्हणून ती जाणार, एवढंच माझं शास्त्र.

पण वेळापत्रकात विमान असणं आणि विमानाला जायचा हक्क असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या शेताला दुसऱ्याच्या बांधावरून जावं लागतं त्याला हे वेगळं सांगायला नको. १९४४ साली शिकागोला जो करार झाला त्याचं पहिलंच कलम सांगतं की आपापल्या भूमीवरच्या आकाशावर त्या त्या राष्ट्राचं संपूर्ण सार्वभौमत्व आहे. म्हणजे आकाशाचाही सातबारा आहे. नियमित प्रवासी विमान दुसऱ्याच्या हद्दीत न्यायचं तर त्याची खास परवानगी लागते. ती मिळते दोन सरकारांनी बसून केलेल्या हवाई सेवा करारातून. कुठल्या कंपन्या, कुठून कुठे, आठवड्यातून किती फेऱ्या, मध्ये कुठे उतरून प्रवासी भरायचे की नाही, सगळं त्यात. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. वहिवाट वगैरे तिथे लिहितात. हवाई करार म्हणजे तो रकाना.

आणि हाँगकाँगच्या सातबाऱ्यावर नाव ब्रिटनचं. हाँगकाँगला उतरण्याचे सगळे हक्क ब्रिटनने इतर देशांशी केलेल्या करारांतून आलेले. त्या करारांच्या शेवटी मार्गांचं परिशिष्ट असतं, त्यात लंडन, मँचेस्टर अशा गावांच्या पंगतीत हाँगकाँगचं पान मांडलेलं. लंडनच्या वाटाघाटीत हाँगकाँगचं धावपट्टीसकट नाणं करून खर्च होतं, आपल्या वाट्याला मोड येते, अशी तिथल्या लोकांची तक्रार जुनी होती. मला ती रास्त वाटते. पण खरी अडचण पुढची. १ जुलै १९९७ ला फेरफार झाला की ब्रिटनच्या करारांत हाँगकाँगला जागा उरणार नाही. चीनच्या करारांत ते आपोआप शिरलं तर तिथे हक्क चीनच्या सरकारी विमान कंपन्यांचे. म्हणजे काहीच केलं नाही तर त्या सकाळी हाँगकाँगच्या विमान कंपनीकडे विमानं होती, वैमानिक होते, काई ताकचा विमानतळ होता. हक्काचा कागद तेवढा नव्हता.

१९ डिसेंबर १९८४ ला बीजिंगमध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि चीनचे पंतप्रधान झाओ झियांग ह्यांनी हाँगकाँग चीनकडे सोपवण्याच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याच्या पहिल्या जोडपत्रात नागरी विमान वाहतुकीवर एक अख्खं प्रकरण आहे. लष्कर, पासपोर्ट, न्यायालयं अशा भारदस्त मंडळींत विमानांना इतकी जागा कशी मिळाली, ह्याचं मला आधी नवल वाटलं. मग लक्षात आलं की ज्या गावाला शेती नाही, खाण नाही, पाणीसुद्धा शेजारून येतं, त्या गावाकडे जगाच्या नकाशावरची जागा हीच एक मिळकत होती. ती आकाशातून जात होती.

मग बसले वाटाघाटीला. ब्रिटन आणि चीनचा संयुक्त संपर्क गट होता, त्याच्या तज्ज्ञांनी करार कसा असावा ह्याचा साचा ठरवायचा. हाँगकाँगच्या सरकारने समोरच्या देशाशी प्रत्यक्ष बोलणी करायची. ब्रिटनने अधिकारपत्र द्यायचं. आणि झालेला मसुदा चीनला मान्य आहे ना, हे त्या गटात विचारून घ्यायचं, कारण १९९७ नंतर तो पाळायचा चीनच्या हाताखाली. लग्न मुलामुलीचं आणि मान हलवायला दोन्हीकडचे थोरले काका, तसला प्रकार. समोर बसलेल्या परक्या देशाच्या अधिकाऱ्याला आपण नक्की कुणाशी बोलतो आहोत असं वाटत नसेल का? टेबलापलीकडे हाँगकाँगचा कारकुनी वळणाचा, आकडे तोंडपाठ असलेला माणूस. त्याच्यामागे न दिसणारं लंडन. त्याच्याही मागे न दिसणारं बीजिंग.

पहिला स्वतंत्र करार झाला नेदरलँड्सशी, सप्टेंबर १९८६ मध्ये. मग १९८८ ला स्वित्झर्लंड आणि कॅनडा. पुढे ब्रुनेई, फ्रान्स, न्यूझीलंड, मलेशिया, ब्राझील. त्या काळात हाँगकाँग सरकारात आर्थिक सेवांच्या सचिव होत्या अॅन्सन चॅन, ज्या पुढे मुख्य सचिव झाल्या. १९९२ च्या शरदात गव्हर्नर ख्रिस पॅटन ह्यांनी निवडणूक सुधारणांचा प्रस्ताव मांडला, बीजिंग संतापलं आणि संयुक्त गटाची गाडी रुतली. १९९३ मध्ये श्रीलंका आणि ऑस्ट्रेलिया झाले, मग शांतता. शेवटच्या दोन वर्षांत मात्र परीक्षा तोंडावर आल्यावर व्हावी तशी धावपळ. १९९५ ला जर्मनी, १९९६ ला कोरिया, सिंगापूर, आणि ऑक्टोबरात भारत. जपान फेब्रुवारी १९९७ मध्ये. अमेरिका ७ एप्रिल १९९७ ला, म्हणजे हस्तांतराला तीन महिनेही उरले नव्हते.

ऑक्टोबर १९९६. मी दिवाळीत सेठना "जाणार" म्हणत होतो तेव्हा भारताचा कागद नुकता झालेला होता. माझा हवेतला शब्द खरा होता तर! हे मला वीस-बावीस वर्षांनी कळलं.

ह्या करारांत एक कलम आहे, त्याच्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. वरवर पाहिलं तर ते सगळ्यात रुक्ष कलम आहे.

कुठल्याही जुन्या हवाई करारात अशी अट असे की एखाद्या देशाने नेमलेली विमान कंपनी ही खरोखर त्या देशाच्या लोकांच्या मालकीची आणि त्यांच्याच ताब्यातली हवी. नाहीतर तिसराच कुणी येऊन त्या देशाच्या नावाने विमानं उडवेल. बोलीभाषेत सांगायचं तर, 'कुणाचा तू?' ह्या प्रश्नाचं उत्तर रक्ताने द्यायचं. आता हाँगकाँगची मोठी कंपनी घ्या, कॅथे पॅसिफिक. १९४६ साली ती काढली रॉय फॅरेल नावाच्या अमेरिकनाने आणि सिडनी डी कँट्झो नावाच्या ऑस्ट्रेलियनाने. दोनच वर्षांत ती स्वायर ह्या ब्रिटिश व्यापारी घराण्याकडे गेली. कारण तेच: ब्रिटिश वसाहतीच्या नावाने उडायचं तर मालक ब्रिटिश हवा, अमेरिकन भागीदाराला बाजूला होणं भाग होतं. म्हणजे ह्या कंपनीच्या पत्रिकेतच हे कलम बसलेलं.

पन्नास वर्षांनी तेच उलटं फिरलं. १९९७ नंतर हाँगकाँग चीनचं, आणि कंपनीचा मुख्य मालक ब्रिटिश. 'हाँगकाँगच्या लोकांच्या मालकीची' म्हणावं तर हाँगकाँग हा देश नाही, त्याचे स्वतःचे नागरिक म्हणावेत असे कायद्याने कुणी नाहीत. त्यांच्यातला कुणाकडे ब्रिटिश वसाहतीचा पासपोर्ट, कुणाकडे कॅनडाचा, कुणाकडे नुसतं ओळखपत्र. आमच्या सेठलोकांचे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले भाईबंद तर आणखीच तिसऱ्या खात्यात. 'कुणाचा तू?' ह्या प्रश्नाला तिथे सरळ उत्तरच नव्हतं.

तेव्हा मसुदा करणाऱ्यांनी प्रश्नच बदलला. हाँगकाँगने नेमलेली कंपनी ती, जिची नोंदणी हाँगकाँगची आणि जिच्या धंद्याचं मुख्य ठिकाण हाँगकाँग. बस. मालक कोण, ते विचारायचं नाही. 'कुणाचा' हे सोडून 'कुठे बसतोस, दुकान कुठे मांडलंयस' एवढंच विचारायचं. संयुक्त जाहीरनाम्यात हीच शब्दयोजना आहे आणि चीनने हाँगकाँगसाठी केलेल्या १९९० च्या मूलभूत कायद्याच्या हवाई कलमांतही हीच आहे. हाँगकाँगने बीजिंगच्या खास अधिकारपत्राखाली स्वतःच हवाई करार करावेत, हेही तिथे लिहून ठेवलं आहे.

मला ह्या कलमाचं फार कौतुक वाटतं, आणि त्याला थोडी स्वतःची किनार आहे. मुंबईत माझी तिसरी पिढी. गाव कोकणात, तिथलं घर पडलेलं, सातबाऱ्यावर अकरा नावं. 'मूळचे कुठले?' ह्या प्रश्नाला मी गावाचं नाव सांगतो खरा, पण ते सांगताना खोटं बोलल्यासारखं वाटतं. माझी नोंदणी आणि धंद्याचं मुख्य ठिकाण दोन्ही गिरगाव.

समोरच्या देशांना हे कलम सहज गिळलं नसणार. ह्या व्याख्येच्या दारातून उद्या बीजिंगची कंपनी हाँगकाँगला नुसतं ऑफिस थाटून आपल्याकडे आली तर, ही शंका कुणालाही यावी. आणि खुद्द चीनलाही नुसत्या कागदावर समाधान नव्हतं. १९९५ मध्ये चीनच्या सरकारी हवाई समूहातल्या एका कंपनीने हाँगकाँगमध्ये आपली विमान कंपनी काढायला परवाना मागितला. व्हायचा तो परिणाम झाला. एप्रिल १९९६ मध्ये हाँगकाँगच्याच ड्रॅगनएअर ह्या दुसऱ्या विमान कंपनीतला जवळजवळ ३६ टक्के हिस्सा त्या चिनी कंपनीला विकण्यात आला आणि कॅथेमध्ये बीजिंगच्या सिटिक ह्या सरकारी गुंतवणूक समूहाचा हिस्सा २५ टक्क्यांवर गेला. करारातून मालकीचा प्रश्न पुसला होता. बाजारात तो रोकडा मिटवला. ह्याला कुणी दडपण म्हणतं, कुणी व्यवहार. मी हिरेबाजारात वावरलेला माणूस आहे. तिथे दोन्हींसाठी रुमालाखाली बोटं दाबण्याची एकच खूण असायची.

जाता जाता ड्रॅगनएअरचं सांगतो, कारण किस्सा गमतीचा आहे. ती १९८५ साली निघाली. त्याच वर्षी हाँगकाँगचे अर्थसचिव जॉन ब्रेमरिज ह्यांनी धोरण जाहीर केलं की एका मार्गावर हाँगकाँगची एकच कंपनी असेल. चांगले मार्ग अर्थातच आधीच कॅथेकडे होते. आणि अर्थसचिव होण्यापूर्वी हे ब्रेमरिज कुठे होते? स्वायर समूहाचे हाँगकाँगमधले प्रमुख. मी ह्यावर काही म्हणत नाही. आपल्याकडे लोक चहाच्या टपरीवर काय म्हणाले असते ते तुम्हीच मनात म्हणून घ्या.

आणखी एक उलथापालथ आहे, ती समजल्यावर मी एकटाच हसलो होतो. हाँगकाँग वसाहत असेपर्यंत लंडन ते हाँगकाँग हा प्रवास हवाई कायद्याच्या दृष्टीने घरातल्या घरात होता. तेरा-चौदा तासांचं अंतर, मध्ये अर्धी पृथ्वी, पण कायदा म्हणे की माजघरातून परसात. त्यामुळे तिथे दुसऱ्या देशाच्या कंपनीला हक्क मागायची सोयच नव्हती. ह्या मार्गावर वर्षानुवर्षं ब्रिटिश एअरवेजची एकटीची सत्ता होती. कॅथेला तिथे शिरकाव मिळाला १९८० मध्ये, तोही लंडनच्या मंत्र्यापर्यंत अपील गेल्यावर. आणि हाँगकाँग ते बीजिंग हा प्रवास परदेशचा.

एका रात्रीत हे सगळं उलटं झालं. लंडन परदेश झालं. बीजिंग घर झालं, निदान नकाशावर, कारण पासपोर्टची आणि कस्टमची खिडकी होती तिथेच राहिली. जुलै १९९७ मध्ये ब्रिटन आणि हाँगकाँगने आपसात हवाई करार केला, दोन परक्यांनी करावा तसा. दीडशे वर्षांचा संसार आणि आता घरी यायचं तर आधी पत्र पाठवून यायचं.

हाँगकाँगला बारा वाजले तेव्हा आपल्या घड्याळात रात्रीचे साडेनऊ झाले होते. लंडनला ३० जूनची संध्याकाळही नीट झाली नव्हती. त्या दुपारी लंडनहून जो निघाला असेल तो ब्रिटिश वसाहतीचं तिकीट घेऊन बसला आणि चीनमध्ये उतरला. वाटेत त्याला जेवण मिळालं असेल, झोप लागली असेल. कुठल्या देशावरून जाताना त्याच्या मुक्कामाचा मालक बदलला, ते खिडकीतून दिसणारं नव्हतं.

तैवानची गोष्ट ह्याहून नाजूक. हाँगकाँग-तैपेई हा जगातल्या सगळ्यात गर्दीच्या आंतरराष्ट्रीय मार्गांपैकी एक होता, कारण तैवानहून चीनला सरळ विमानच नव्हतं. व्यापारी, म्हातारेकोतारे, पन्नास वर्षांनी गाव बघायला निघालेले, सगळे हाँगकाँगला उतरून पुढे जायचे. आता हाँगकाँगच चीनचं झाल्यावर तैवानशी करार करणार कोण? चीन तैवानला सरकार मानत नाही, आणि सरकार सरकाराशीच करार करतं. चायना एअरलाइन्स ही तैवानची कंपनी, तिच्या विमानांच्या शेपटीवर तैवानचा राष्ट्रध्वज रंगवलेला. १९९५ मध्ये तो पुसून तिथे प्लमचं फूल काढण्यात आलं. ध्वज घेऊन चीनच्या मालकीच्या धावपट्टीवर उतरता आलं नसतं, फूल घेऊन उतरता येतं. करार १९९६ मध्ये झाला, पण सह्या सरकारांच्या नव्हत्या; विमान कंपन्या आणि त्यांच्या संघटनेच्या होत्या. इथेही नाव घेतलंच नाही. आजीची पद्धत.

हे सगळं वाचताना मला राहून राहून वास्को दिसत होतं. माझ्या मावशीचे यजमान, काका, तिकडचे. लहानपणी सुट्टीत गेलो की ते दाबोळीच्या पठाराकडे हात करून सांगायचे, "आमची स्वतःची विमान कंपनी होती, ठाऊक आहे?" आम्हाला ती काकांची थाप वाटायची. थाप नव्हती. पोर्तुगीज इंडियाची हवाई वाहतूक कंपनी १९५५ मध्ये निघाली. भारताने गोव्याची कोंडी केली होती, रस्ता आणि रेल्वे बंद. दाबोळीचा विमानतळ त्याच वर्षीचा. तिथून हेरॉन आणि व्हायकिंग जातीची छोटी विमानं दमण आणि दीवला जात, आणि कराचीला. भारताच्या आकाशातून जायची वहिवाट नाही, म्हणून समुद्रावरून वळसा. पणजीहून दमणला जायला माणसाने अरबी समुद्र ओलांडल्यासारखा प्रवास करायचा!

ह्या प्रकरणात टेबलच मांडलं गेलं नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याने बोलायलाच नकार दिला. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचा प्रांत आहे, हा त्याचा हेका. चौदा वर्षं वाट बघून १९६१ च्या डिसेंबरात भारताचं सैन्य शिरलं आणि दीड दिवसात काम झालं. ह्यात चूक कुणाची, ह्याविषयी माझ्या मनात शंका नाही. १८ डिसेंबरला भारताच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी बाँब टाकून उखडली. विमानतळाची इमारत वाचवली. त्या रात्री धावपट्टीवरचे खड्डे चुकवत दोन विमानं अंधारात उडाली, एक लिस्बनच्या कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक ह्या गोव्याच्या कंपनीचं डीसी-४. समुद्राला लागून, खालून खालून, कराचीला. कंपनी तिथेच संपली. हवाई करार नाही, जोडपत्र नाही. काका म्हणायचे, "गेली ती गेलीच. तिच्यातली तिकडची दोन माणसं आमच्या ओळखीची होती." तिकडची म्हणजे कुठली, हे ते सांगत नसत.

१९ डिसेंबर हा गोव्याच्या मुक्तीचा दिवस. संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या झाल्या तोही १९ डिसेंबर, तेवीस वर्षांनंतरचा. आणि पोर्तुगालने मकाव चीनला दिलं ती १९९९ ची रात्रसुद्धा १९ डिसेंबरचीच, बारा वाजता २० लागली. मकाव एके काळी गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होतं. तारखांना अर्थ नसतो हे मला कळतं. तरी कॅलेंडरवर बोट ठेवून बसतो मी.

मकावमध्ये मात्र पोर्तुगीज बोलले. तिथे १९९५ मध्ये नवा विमानतळ झाला, नवी कंपनी आली, तिच्या विमानांवर आधी पोर्तुगालची नोंदणी होती, सीएस-एम ने सुरू होणारी, ती पुढे बी-एम झाली. हाँगकाँगच्या विमानांवर व्हीआर-एच असायचं, ते बी-एच झालं. शिकागो करार म्हणतो की विमानाचं राष्ट्रीयत्व म्हणजे जिथे त्याची नोंदणी तिथलं. तेव्हा सार्वभौमत्वाचा बदल शेवटी विमानाच्या अंगावर उतरला तो दोन अक्षरं खरवडून एक लिहिण्यात. रंगाऱ्याचं काम. तेरा वर्षं चाललेल्या वाटाघाटींतलं डोळ्यांना दिसणारं बहुधा एवढंच.

एक विमान त्यातून सुटलं. २०११ मध्ये मुलाकडून परतताना हाँगकाँगला तीन दिवस थांबलो होतो. त्सिम शा त्सुईच्या सायन्स म्युझियममध्ये कॅथेचं पहिलं डीसी-३ छताला टांगलेलं आहे, त्याला बेट्सी म्हणतात. चंदेरी अंग, आणि त्यावर जुनी अक्षरं जशीच्या तशी: व्हीआर-एचडीबी. जे उडणार नाही त्याला नवा कागद लागत नाही. खाली शाळेची पोरं ओळीने बसून डबे खात होती.

१ जुलै १९९७ ला मंगळवार होता. आदल्या रात्री टीव्हीवर भर पावसातला तो समारंभ बघून मी झोपलो होतो. इकडेही पाऊस. दहा वाजता ऑफिस उघडलं आणि पहिला माणूस आला तो आमचा नेहमीचा सेठ, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, छत्री टपटप गळतेय. माझ्या मनात वाक्य तयार होतं. आता हा हाँगकाँगचं विचारणार आणि मी ऐटीत सांगणार. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिकीट काढलं, टेबलावर सरकवलं आणि म्हणाला, "तीन तारखेचं दहा कर ना, भाऊ. सुरतचा माल आला नाही."

एवढंच. मी फोन लावला, दहा तारखेची जागा पक्की केली, ड्रॉवरमधून तारीख बदलायचा स्टिकर काढला, त्यावर नवी तारीख लिहिली आणि कुपनवरच्या जुन्या तारखेवर चिकटवला. ओल्या हाताने तो नीट बसेना, म्हणून पेपरवेट ठेवून दिला. तोवर सेठने चहा मागवला.